वाचकांचे प्रश्न : एक पापणी खाली का?

मागच्या अंकात डोळ्यांच्या कोरडेपणावर उत्तरं दिली आणि टपालात पत्रं आली ती पडलेल्या पापण्यांची. बहुतेक वीस ते तीस वयातल्यांची. सगळ्यांचा प्रश्न वरवर एकच, “पापणी वर कशी आणायची?” पण कारणं वेगळी, त्यामुळे उत्तरंही वेगळी. म्हणून पत्रं थोडी कापून एकत्र घेतली आहेत.

लातूर, वय २१ : *जन्मापासून माझी डावी पापणी खाली आहे. “मोठी झाली की आपोआप वर जाईल” असं सगळे म्हणत राहिले. आता घरात स्थळं बघायला सुरुवात झालीय. मोठीआई म्हणते, ऑपरेशन केलं की झोपेतही डोळा उघडा राहतो. खरं का? ऑपरेशन करायचंच तर कोणतं?*

मोठीआईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते कुठे खरं ठरतं, ते आधी मोजमाप समजलं की कळेल.

वरची पापणी उचलायचं मुख्य काम ‘लिव्हेटर’ नावाचा स्नायू करतो. जन्मजात टोसिसमध्ये (पडलेल्या पापणीला डॉक्टर टोसिस म्हणतात) हा स्नायू नीट घडलेलाच नसतो. त्यात स्नायूच्या धाग्यांऐवजी चिवट तंतू आणि चरबी असते. असा स्नायू नीट आखडत नाही आणि नीट सैलही होत नाही. आरशात एक गोष्ट बघा. समोर बघताना डावी पापणी खाली असते, पण मान न हलवता जमिनीकडे बघितलं तर तीच पापणी उजवीपेक्षा वर अडकून राहते. तसं होत असेल तर दोष जन्मजात आहे. तो वयाबरोबर आपोआप जात नाही.

तपासणीत दोन आकडे काढतात. पहिला, टॉर्चचा उजेड बुबुळावर जिथे चमकतो त्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर. निरोगी डोळ्यात ते ४ ते ५ मि.मी. असतं. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. डॉक्टर अंगठ्याने तुमची भुवई दाबून धरतात, म्हणजे कपाळ मदतीला येत नाही. डोळ्यासमोर मि.मी.ची पट्टी धरतात, पार खाली बघायला सांगतात आणि पापणीच्या कडेला शून्य लावतात. मग पार वर बघायचं. पापणी जितकी सरकली तितकी स्नायूची ताकद. १५ मि.मी.च्या आसपास म्हणजे निरोगी, ८ किंवा जास्त म्हणजे चांगली, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा त्याहून कमी म्हणजे क्षीण. घरी आईने मोजलं तर भुवईवरचा अंगठा हमखास सैल पडतो आणि आकडा फुगतो. हे मोजमाप दवाखान्यातच करून घ्या.

कोणतं ऑपरेशन करायचं ते हा दुसरा आकडा ठरवतो. पापणी किती पडली त्यावरून फक्त किती उचलायची ते कळतं. ताकद ५ किंवा जास्त असेल तर लिव्हेटर स्नायू आखूड करून पापणीतल्या कडक पट्टीला पुन्हा शिवतात. छेद पापणीच्या नैसर्गिक घडीत असतो, त्यामुळे वण घडीत लपतो. ताकद ४ किंवा कमी असेल तर त्या स्नायूवर भिस्त ठेवून उपयोग नाही. मग पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. त्यासाठी मांडीतली पातळ पट्टी किंवा सिलिकॉनची बारीक दोरी वापरतात. मग भुवई उचलली की पापणी उचलली जाते. सिलिकॉन पुढे सैल किंवा घट्ट करता येतं, पण ते कधी बाहेर येऊ शकतं किंवा त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. मांडीची पट्टी टिकते, पण मांडीवर वेगळा छेद येतो.

झोपेत डोळा थोडा उघडा राहतो तो मुख्यतः या टांगलेल्या पापणीत, किंवा स्नायू खूपच आखूड करावा लागला तर. पहिले काही आठवडे झोपताना डोळ्यात मलम घालायचं. काहींना ते कायम लागतं. म्हणूनच सर्जन आधी तुमचे मिटलेले डोळे बोटांनी हळूच उघडून बुबुळ वर फिरतंय का ते बघतात. बुबुळ वर फिरत असेल तर झोपेत ते पापणीआड सुरक्षित राहतं. फिरत नसेल तर पापणी मुद्दाम थोडी कमी उचलतात, आणि ते बरोबरच आहे.

आणखी दोन तपासण्या मागून घ्या. डावा डोळा उजव्याइतकंच स्पष्ट बघतो का? लहानपणी पापणीने बुबुळ झाकलं असेल, किंवा पापणीच्या दाबाने चष्म्याचा तिरपा नंबर आला असेल, तर तो डोळा आळशी झालेला असू शकतो. ते या वयात ऑपरेशनने भरून निघत नाही, आणि कमी बघणाऱ्या डोळ्यासाठी मेंदू कपाळही फारसं उचलत नाही. तिथे टांगणी फसते. दुसरं, घास चावताना पापणी वर उडते का? उडत असेल तर तोंड चालवून दाखवा, कारण त्याचं गणित वेगळं आहे.

स्थळांबद्दल एवढंच. ऑपरेशन करायचं तर बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधीच्या महिन्यात नको. सूज आणि काळंनिळंपण उतरायला वेळ लागतो, आणि घाईत केलेलं ऑपरेशन पुन्हा दुरुस्त करण्याची पाळी जास्त येते.

वाळूज, वय २७ : *नऊ वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. वर्षभरापासून उजवी पापणी खाली आलीय, डोळा थकल्यासारखा दिसतो. मित्र म्हणतो, अमेरिकेत थेंब निघालेत.*

लेन्स घालताना-काढताना तुम्ही उजवी पापणी बाहेरच्या बाजूला ताणता का? बहुतेक जण ताणतात, आणि रोज दोनदा ताणतात. लिव्हेटरचं पापणीत शिरणारं टोक पातळ पडद्यासारखं असतं. ते वर्षानुवर्षांच्या ताणाने आणि डोळे चोळण्याने सुटतं किंवा सैल पडतं. स्नायू धडधाकट असतो, त्याची दोरी तेवढी निसटलेली असते. खूण अशी की पापणीची घडी दुसऱ्या डोळ्यापेक्षा वर गेलेली दिसते, आणि खाली बघताना ही पापणी आणखीच खाली येते. लातूरच्या ताईंच्या बरोबर उलट. त्यामुळे मोबाइल वाचताना त्रास जास्त.

आधी तीन-चार आठवडे लेन्स बंद करून चष्मा लावा. पापणीच्या आतल्या बाजूला लेन्समुळे दाणे आणि सूज आली असेल तर तेवढ्यानेच फरक पडतो. नेत्रतज्ज्ञांना पापणी उलटून बघायला सांगा. धुळीची ॲलर्जी असेल तर तिचेही औषध घ्या. डोळा चोळणं थांबल्याशिवाय कोणतीही शिवण टिकणार नाही.

थेंब खरे आहेत. ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्का थेंब २०२० मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या नंतर आलेल्या टोसिससाठी मंजूर झाले. पापणीत लिव्हेटरच्या मागे म्युलर नावाचा छोटा स्नायू असतो, तो या थेंबांनी आखडतो. पापणी साधारण एक मि.मी. वर येते, तीही काही तासांपुरती. फोटोपुरतं ठीक, दुरुस्ती नव्हे. जन्मजात टोसिससाठी ते नाहीत. हेच रसायन नाकाच्या थेंबांतही असतं, म्हणून नाकाचे थेंब डोळ्यात घालू नका. त्यांची तीव्रता आणि त्यातले बाकीचे घटक डोळ्यासाठी केलेले नसतात.

कायमचा उपाय ऑपरेशनच. दवाखान्यात फेनिलेफ्रिनचा थेंब (हाही म्युलर स्नायू आखडवतो) घालून पाच-दहा मिनिटांनी पापणी छान वर आली, तर म्युलर स्नायू आतून आखूड करता येतो. बाहेर वण नाही, टाका दिसत नाही. वर आली नाही तर घडीतून जाऊन सुटलेलं टोक परत शिवायचं.

एक चाचणी घरी करा. उजवी पापणी बोटाने हळूच उचलून धरा आणि आरशात डाव्या पापणीवर लक्ष ठेवा. डावी खाली आली तर ती आतापर्यंत उसन्या जोरावर उभी होती. मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच हुकूम देतो, त्यामुळे उजवीसाठी वाढवलेला जोर डावीलाही मिळत होता. हे आधी लक्षात आलं नाही, तर ऑपरेशननंतर “आता दुसरी पडली” म्हणून भांडणं होतात.

परभणी, वय २४ : *सकाळी डोळे ठीक असतात. दुपारनंतर पापण्या जड होतात, संध्याकाळी एकाचे दोन दिसतात. ऑपरेशनची तारीख मिळालीय.*

ती तारीख पुढे ढकला. सकाळी बरी, संध्याकाळी पडलेली आणि सोबत दुहेरी दिसणं, हे मायस्थेनिया ग्रेव्हिसचं चित्र आहे. त्यात नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप वाटेत अडतो आणि वापराने स्नायू थकतो. उन्हाळ्यात हे आणखी वाढतं, आणि परभणीच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

दोन सोप्या चाचण्या आहेत. छताकडे एकटक एक-दोन मिनिटं बघा; पापणी हळूहळू उतरते का? मग रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं ठेवा. आधी आणि लगेच नंतर फोटो काढा. पापणी २ मि.मी. किंवा जास्त वर आली तर संशय पक्का होतो. हे फोटो न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. रक्तातली अँटिबॉडी तपासतात, पण फक्त डोळ्यांपुरता आजार असलेल्या सुमारे निम्म्या लोकांत ती सापडत नाही, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे आजार नाही असं समजू नका. छातीचा सीटी स्कॅन छातीतली थायमस ग्रंथी वाढली आहे का ते बघायला काढतात.

उपचार गोळ्यांनी होतो, बहुधा पायरिडोस्टिग्मिनने सुरुवात. पोटात कळ, जुलाब झाले तर गोळी मनाने सोडू नका, डॉक्टर मात्रा बदलतात. साध्या तापासर्दीला गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा, कारण अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन अशी नेहमीची औषधं हा आजार भडकवू शकतात. घास गिळायला त्रास, आवाज नाकातून येणं किंवा दम लागणं सुरू झालं तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा.

हिंगोली : *पापणी अचानक पडली तर किती घाई करावी?*

अचानक म्हणजे काही तासांत पडली असेल, तर तीन गोष्टी बघा.

शेतात किंवा घरात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे दोन्ही पापण्या जड झाल्या म्हणून उठला, पोटात दुखतंय, गिळवत नाही, तर आधी मण्याराचा दंश गृहीत धरा. मण्यार रात्री चावतो, दुखत नाही, खूणही बहुधा दिसत नाही. घरचे म्हणतात “झोप उतरली नाही”, आणि त्यात वेळ जातो. दंशाची जागा कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणूस हलू न देता १०८ ला फोन करा. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं रुग्णालय लागतं.

एक पापणी पूर्ण मिटली, डोळा बाहेर-खाली वळला, बाहुली मोठी झाली आणि डोकं ठणकतंय, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. त्याच दिवशी स्कॅन. पापणी जराशीच खाली आणि बाहुली लहान झाली, सोबत मानेत दुखतंय किंवा मानेला मार लागलाय, तरीही त्याच दिवशी.

बीड, वय २० : *पापणीचे व्यायाम, एरंडेल, पापणीला लावायची टेप यांनी फरक पडतो का?*

व्यायामाने आणि एरंडेलाने नाही. टेप किंवा चष्म्याच्या फ्रेमला लावलेली आधाराची तार पापणी उचलून धरते. ऑपरेशन नको असेल किंवा मायस्थेनियाच्या गोळ्या लागू पडेपर्यंत तेवढं चालतं. मात्र सतत उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो, म्हणून तासाभराने टेप काढून डोळे मिटा, कृत्रिम अश्रू घाला.

नांदेड, वय २६ : *ऑपरेशन ठरलंय. भूल कोणती? किती रजा काढू? खर्च योजनेत बसतो का?*

तुमच्या वयात शक्यतो सुन्न करूनच करून घ्या, पूर्ण भूल नको. कारण साधं आहे. मधेच सर्जन तुम्हाला टेबलावर उठून बसायला सांगतात, समोर बघ, वर बघ, खाली बघ म्हणतात, आणि टाका पक्का करण्याआधी दोन्ही पापण्यांची उंची जुळवतात. पडल्या-पडल्या बरोबर वाटलेली पापणी बसल्यावर वेगळी दिसते. इंजेक्शनमुळेही ती तात्पुरती वर-खाली होते, सर्जन तेवढं धरून चालतात. रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिन किंवा पेनकिलर चालू असेल तर आधी सांगा.

पहिले दोन दिवस फडक्यातून बर्फ, उशी उंच. टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. दहा दिवसांची रजा धरा. सोयाबीनची मळणी, कापसाचं काम, मोटारसायकलवरची धूळ यांपासून दोन-तीन आठवडे दूर राहा. जावंच लागलं तर मोठ्या काचेचा गॉगल. पहिल्या रात्री डोळा दगडासारखा कडक झाला, भयंकर ठणका लागला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका. आत रक्त साठलेलं असतं आणि टाके लगेच उघडावे लागतात.

खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्रांना (रुग्णालयात बसणारे योजनेचे मदतनीस) तुमच्या निदानाचं नाव दाखवून विचारा. खासगी विमा असेल तर कंपनी याला ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारू शकते. त्यासाठी समोरून काढलेले फोटो आणि पापणी टेपने उचलून व न उचलता केलेली दृष्टिक्षेत्राची तपासणी फाइलला जोडा. नांदेड, लातूर, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या नेत्रविभागात आधी मोजमाप करून, आकडे केसपेपरवर लिहून घ्या. दुसरं मत घ्यायला तेच कामी येतात.

पापणी पहिल्या आठवड्यात वर-खाली दिसेल. अंतिम उंची दीड ते तीन महिन्यांनी ठरते. पापणीचा दाब बदलल्याने चष्म्याचा नंबरही बदलू शकतो, त्यामुळे नवीन चष्मा तीन महिन्यांनंतरच करा.