टीममधले लोक सांगितलं तेवढंच काम करतात, स्वतःहून काहीच सुचवत नाहीत. त्यांना मोटिव्हेट कसं करायचं?

"सांगितलं तेवढंच करतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि डोकं तापलं. तुमच्यावर नाही, २०११ साली हेच वाक्य मी रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ऐकायचो म्हणून. तुम्ही नवीन टीम लीड झालाय, हाताखाली नऊ जण आहेत, आणि मोटिव्हेशनचं एखादं ट्रेनिंग घ्यावं का असं विचारलंय. ट्रेनिंगचं लगेच सांगतो, घेऊ नका. पैसे वाया जातील. बाकीचं सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी तेव्हा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होतो, पत्रा मशीनमध्ये दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचो आम्ही. माझ्या शिफ्टला अकरा माणसं, चार पर्मनंट आणि सात कॉन्ट्रॅक्टची. २५० टन दाबाची एक प्रेस होती, तिच्यावर दिवसातून दोन-तीनदा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला लागायची आणि जुनी डाय उतरवून नवीन चढवून पहिला पीस ओके होईपर्यंत दोन तास दहा मिनिटं जायची. तेवढा वेळ प्रेस गप्प उभी, आणि वरून फोन चालू की माल कुठाय.

हा वेळ कमी करायचा म्हणून कंपनीने एक कन्सल्टंट आणला. त्याने पहिल्याच दिवशी शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरची गोष्ट सांगितली, की टोयोटामध्ये १९६९ ला १००० टनाच्या प्रेसचा चार तासांचा सेटअप, म्हणजे डाय बदलायचं सगळं काम, त्याने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. गोष्ट खरी आहे आणि त्यातलं तत्त्वही सोपं आहे, जे काम मशीन चालू असताना उरकता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. पण आमच्या शॉपमध्ये नेमकं कुठलं काम आधी उरकता येईल ते त्या कन्सल्टंटला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

माहीत होतं ते मामांना. मामा म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टचे हेल्पर, लातूरकडचे, तेव्हा चाळिशी ओलांडलेली, सगळा शॉप त्यांना मामाच म्हणायचा. एकदा दहाच्या चहाला मी असाच वैतागून बोललो तर ते म्हणाले, "सायेब, डाय बदलायला येळ लागतच नाही, हुडकण्यात आन् वाट बगण्यात जातोय सगळा येळ." मी म्हटलं मामा, दाखवा मला. त्यांनी खिशातून खडू काढला आणि पुढच्या सेटअपला प्रेसच्या हिरव्या बॉडीवर, पॅनेलच्या बाजूला, एकेक गोष्ट लिहीत गेले. फोर्कलिफ्ट यायची वाट, २५ मिनिटं, कारण एकच फोर्कलिफ्ट आणि ती डिस्पॅचला अडकलेली. बोल्ट आणि पाना शोधणे, १८. डायखाली प्लेटा घालून उंची जुळवणे, ३०, कारण प्रत्येक डायची उंची वेगळी. क्वालिटीवाला पहिला पीस चेक करायला येईपर्यंत, २०. अक्षर वेडंवाकडं, पण चार ओळींतच त्र्याण्णव मिनिटं दिसत होती. म्हणजे १३० पैकी ९३ मिनिटं डाय बदलायचं खरं काम चाललेलंच नव्हतं.

मग आम्ही सगळे मागे लागलो त्याच्या, एप्रिल ते जुलै. टूलरूमच्या पोरांनी प्रत्येक डायला खालून कायमच्या प्लेटा बसवून सगळ्यांची उंची एक केली. बोल्ट सगळे एका मापाचे केले, म्हणजे पाना पण एकच, तो प्रेसला साखळीने बांधला. शेवटचे पन्नास पीस राहिले की पुढची डाय आणून बाजूला तयार ठेवायची आणि तेव्हाच क्वालिटीला बेल द्यायची. रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, किती खाली आणायचा तो आकडा मामांनी प्रत्येक डायवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिला, लिहायच्या आधी पत्रा कॉटन वेस्टने दोनदा पुसून घ्यायचे, नाहीतर तेलावर रंग धरत नाही. जुलैच्या शेवटी आमचा सेटअप ४६ मिनिटांवर आला. त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टची माणसं बसमधून उतरून कपडे बदलायच्या आधी प्रेसपाशी बघायला आली होती. यातल्या एकाही माणसाला कुणी मोटिव्हेट केलं नव्हतं हे लक्षात घ्या.

ऑगस्टमध्ये कस्टमरची माणसं आली आणि प्रेझेंटेशन ठरलं. प्लँट हेड साहेबांनी स्वतः केलं. स्लाइडवर आधी २ तास १० मिनिटं, नंतर ४६ मिनिटं, मध्ये बाण, खाली प्रोजेक्ट लीडर म्हणून त्यांचं नाव आणि कन्सल्टंटचं नाव. आमच्या शिफ्टमधलं एकही नाव नाही. मामांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलवायचं मी सुचवलं होतं तर कॉन्ट्रॅक्टची माणसं वर नकोत असं उत्तर मिळालं. एका स्लाइडवर प्रेसवरच्या त्या खडूच्या लिखाणाचा फोटो होता, आणि कडेला, फोटो कापताना राहून गेलेला, मामांचा हात दिसत होता, बोटात खडू धरलेला. कस्टमरच्या एका माणसाने विचारलं पण, हे कोणी लिहिलंय? साहेब म्हणाले, आमच्या टीमने. मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. तोंड उघडून "मामांनी" एवढा एक शब्द बोलायचा होता आणि मी बोललो नाही. अप्रेझल जवळ आलं होतं. याची लाज मला आजपण वाटते.

आयत्या बिळावर नागोबा काय असतो ते त्या दिवशी सगळ्या शॉपला कळलं, कारण अशा गोष्टी चहाच्या गाडीबरोबर खाली पोचतात. पुढचे आठ महिने माझ्या शिफ्टमधून एक सूचना आली नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काम अडवलं नाही, फक्त बेल वेळेवर द्यायची राहायला लागली, पाना साखळीतून सुटला तो कुणी परत बांधला नाही, आणि सेटअप हळूहळू एक तास वीसवर गेला. जानेवारीत मामांना कॉन्ट्रॅक्टरने ब्रेक दिला, म्हणजे काही दिवस घरी बसवलं, वर्षात २४० दिवस भरून सलग नोकरीचा हक्क लागू नये म्हणून देतात तसा. याआधी दोनदा ब्रेकनंतर ते परत आले होते, या वेळी आले नाहीत. आणि तेव्हा प्लँट हेड मीटिंगमध्ये म्हणाले, "ही लोकं अशीच, सांगितलं तेवढंच करणार, डोक्यावर उभं राहिल्याशिवाय काम होत नाही."

आता तुम्हाला कळलं असेल मी का चिडलो. तुमचे नऊ जण काही सुचवत नसतील तर ते आळशी आहेत असं धरून चालू नका, आधी चौकशी करा की तुमच्या आधी तिथे कोण होतं आणि शेवटी ज्याने काही सुचवलं त्याचं पुढे काय झालं. माणूस गप्प बसायला कुठेतरी शिकलेला असतो.

साहेबांशी माझा याच्यावर वाद झाला होता, २०१४ ला कंपनी सोडताना. त्यांचं म्हणणं, भीती नसेल तर शिस्त राहत नाही आणि नाव कुणाचं लागलं याने कामगाराला फरक पडत नाही, त्याला फक्त ओव्हरटाइम कळतो. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, आता बोलतो. साहेब, ज्या डेमिंगचा, त्या अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञाचा, फोटो आपल्या लॉबीत होता, ज्याच्या नावाने जपानी लोक १९५१ पासून क्वालिटीचं बक्षीस देतात, त्याच्या १४ मुद्द्यांतला आठवा मुद्दा भीती घालवा हाच आहे, आणि दहावा आहे घोषणा आणि पोस्टर बंद करा. क्वालिटी सर्कल जपानमध्ये इशिकावा नावाच्या प्राध्यापकांनी १९६२ ला सुरू केली, आपल्याकडे १९८० ला भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात आली, तिचा सगळा गाभा हा की काम करणारी माणसं स्वतः अडचण निवडतात, स्वतः सोडवतात आणि मॅनेजमेंटपुढे स्वतःच मांडतात. "स्वतः" हा शब्द काढला की उरतं काय? ओव्हरटाइम तर मामांना कधी मिळालाच नाही त्या चार महिन्यांत, तरी ते शिफ्ट संपल्यावर अर्धा तास थांबून डायवर आकडे रंगवत होते.

दुसऱ्या प्लँटला मी शॉप इनचार्ज म्हणून गेलो तेव्हा एकच नियम केला, ज्याने केलं तोच सांगणार. पहिल्या रिव्ह्यूला आमचा एक सेटर, म्हणजे डाय चढवून मशीन लावणारा, उभा राहिला, मार्कर धरलेला हात थरथरत होता, मराठीत बोलला, पाहुणे चेन्नईचे, मी शेजारी उभा राहून हिंदीत सांगत होतो. मध्येच मी एक आकडा चुकीचा सांगितला तर त्यानेच मला थांबवून दुरुस्त केला, सगळ्यांसमोर. पुढच्या तीन महिन्यांत चौदा सूचना आल्या. त्यातल्या नऊ चालण्यासारख्या नव्हत्या, पण प्रत्येकाला आठवड्याच्या आत जाऊन तोंडावर सांगितलं की हे जमणार नाही आणि का जमणार नाही. नकार चालतो हो लोकांना. उत्तरच न येणं चालत नाही. त्याच वर्षी खंडेनवमीला प्रेसपुढचा नारळ मी त्या सेटरच्या हातात दिला, आधी तो कायम साहेब लोकच फोडायचे.

आणि एक, पहिल्या महिन्यात लोक तुम्हाला बारीकसारीक गोष्टी सांगतील, पंखा चालत नाही, पाण्याचा कूलर बंद आहे, तुमच्या ऑफिसात असेल तर सुट्टी मंजूर व्हायला दहा दिवस लागतात. हे आधी करून द्या, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. पंख्याने कुणी जास्त काम करत नाही, पण जो पंखा लावून देत नाही त्याला कुणी मोठी गोष्ट सांगायला जात नाही. चूक झाली तर वर तुमचं नाव जाऊ द्या, आणि चूक ज्याने स्वतःहून येऊन सांगितली त्याला चारचौघांत कधीच झापू नका, नाहीतर पुढची चूक तुम्हाला कस्टमरकडून कळेल.

दोन गोष्टी राहिल्या. पगार वेळेवर होत नसेल किंवा शेजारच्या कंपनीपेक्षा फार कमी असेल तर वरचं सगळं फोल आहे, नुसत्या मानावर घरभाडं भागत नाही, तेव्हा तुमच्या लोकांच्या पगारासाठी एचआरशी भांडणं हे तुमचंच काम आहे. दुसरं, नऊ जणांत एखादा खरोखरच कामचुकार असू शकतो. मला पंधरा वर्षांत तसे दोन भेटले. दोघांशी आधी बोललो, वेळ दिला, मग काढलं, आणि काढल्यावर बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझा अनुभव कारखान्याचा आहे, तुमचं काम कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही, तर त्याप्रमाणे कमीजास्त करून घ्या.

मामा आता रांजणगावला एका कंपनीत आहेत, सेटर म्हणून, पर्मनंट. २०२२ च्या दिवाळीत त्यांचा फोन आला, मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या ऑगस्टबद्दल मी माफी मागितली तर म्हणाले, "जाऊ द्या सायेब, लई जुनं झालं ते." लग्नाला नक्की या म्हणाले, पत्ता सांगितला, आणि ठेवता ठेवता विचारलं, "आन् आपल्या त्या प्रेसचा टाईम आता कितीवर आलाय वो?" मी ती कंपनी सोडून आठ वर्षं झाली होती, त्यांना तर दहा होऊन गेली होती.