गुरुवारी येशील तेव्हा गणित करून ये

प्रिय बाळा,

परवा कर्वे रोडवर चहा पिताना विचारलंस ना, कोळशाच्या वीज प्लांटमधल्या नोकरीची ऑफर घेऊ की नको, सगळे म्हणतात तिकडे आता काही राहिलं नाही. गर्दीत नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

आधी एक कर. घरच्या वजनकाट्यावर साडेसहाशे ग्रॅम तांदूळ घे. तुझा दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, आणि ते आपल्या कोळशावर बनवायचं तर साधारण तेवढा कोळसा जळतो, त्यातली पाव किलोच्या आसपास नुसती राख, आणि सीओटू निघतो जवळजवळ किलोभर. कोळशापेक्षा जास्त! मलाही सुरुवातीला पटेना, पण कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो, 12 ग्रॅमचे 44 होतात, करून बघ. पुण्यात आपल्याला यातलं काही दिसत नाही कारण या प्लांटच्या चिमण्या चंद्रपूर, कोराडी, परळीला.

मी होतो तिथे एका रात्रपाळीला ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख विजेच्या जोरावर पकडणाऱ्या यंत्राच्या, हॉपरमध्ये (पकडलेली राख साठते त्या खालच्या टाकीत) राख तुंबली आणि त्याचे दोन फील्ड, म्हणजे राख पकडणारे भाग, बंद पडले, म्हणजे जी राख पकडायची त्यातली बरीच सरळ चिमणीतून बाहेर. मी लोड, म्हणजे वीजनिर्मिती, कमी करा म्हणून फोन केला, तर वरून सांगितलं सकाळपर्यंत चालवा. सकाळी मागच्या वस्तीत गेलो, दोरीवरच्या धुतलेल्या साडीवर बोट फिरवलं तर रेघ उमटली. एक आजी काही न बोलता ती साडी परत बादलीत घालत होत्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, जा. कोळसा लगेच बंद होणार नाहीये, आणि तोवर त्या हॉपरपाशी अशी माणसं हवीत ज्यांना त्या साडीचं काही वाटतं. फक्त कंट्रोल रूममध्ये बसून राहू नकोस, ईएसपी आणि अ‍ॅश हँडलिंग मागून घे, हीट रेट, म्हणजे एका युनिटला किती उष्णता खर्च होते ते, स्वतः काढायला शीक, कारण तो सुधारला की तेवढ्याच युनिटला कोळसा कमी, राख कमी, सीओटू पण कमी.

आणि 2015 चे एमिशनचे नियम नीट वाच. ईएसपी राख धरतं, सल्फरचा गॅस नाही धरत, त्याला एफजीडी, म्हणजे धुरातून तो गॅस काढून घेणारी यंत्रणा, लागते, ती बसवायच्या मुदती वाढत गेल्या आणि 2025 मध्ये बहुतेक प्लांटना सूटच मिळाली. आपल्या कोळशात सल्फर कमी असतो हे खरंय, पण तो गॅस हवेत जाऊन बारीक कण होतात आणि ते लांबवर जातात, त्यामुळे मला ही सूट पटलेली नाही. तू वाचून तुझं मत बनव.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना? गुरुवारी संध्याकाळी घरी ये, माझी हीट रेटची जुनी वही काढून ठेवतो.

तुझा,
काका