सासूबाई ट्रिपला गेल्या की माळा आवरून टाकू का?

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन विषय हमखास असतात, सगळ्यांनी मिळून कुठे जायचं आणि घर कधी आवरायचं. या वेळच्या पहिल्या पत्रात तर दोन्ही एकत्रच आलेत, म्हणून तेच आधी घेते.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, दिवाळीनंतर खोली खाली करायची आणि मग तीनेक वर्षं तरी भाड्याच्या वन बीएचकेत. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, त्या एक वस्तू हलवू देत नाहीत. माळ्यावर तांब्याचा बंब, पितळेच्या घागरी, पत्र्याच्या ट्रंका, सासऱ्यांचे कागद, नणंदेच्या शाळेतल्या वह्यासुद्धा आहेत. मिस्टर आणि दीर म्हणतात की आईला ताईबरोबर गणपतीपुळ्याला पाठवू आणि तेवढ्यात टेम्पो बोलावून सगळं साफ करून टाकू. मला पटत नाहीये पण दुसरं सुचतही नाही.

उत्तर : अजिबात नको. त्या परत येणार, चपला काढायच्या आधी नजर माळ्यावर जाणार, आणि मग पुढची कित्येक वर्षं घरात काहीही सापडलं नाही, अगदी त्यांनी स्वतःच उशीखाली ठेवलेला चष्मा असला तरी, तो तुम्ही टाकला असंच होणार. मुलांनी नाही हं, सुनेने. शिवाय नणंदेलाही या कटात घ्यावं लागणार, आणि मग आई पुन्हा कधी कोणाबरोबर निवांत ट्रिपला जाईल असं वाटतं का?

त्या ट्रिपला जाऊ देत, जरूर जाऊ देत, पण तेवढ्या दिवसांत आवरायचं ते तुमचं स्वतःचं. तुमचे न होणारे ड्रेस, मिस्टरांच्या जिमच्या वस्तू, मुलांचे क्लासचे जाडजूड नोट्सचे गठ्ठे, दिराने "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेल्या वायरी आणि टीव्हीचे रिकामे खोके. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांच्या नावाने ओरडणाऱ्या घरात निम्मा पसारा तरुणांचाच असतो, फक्त तो नवीन असल्यामुळे पसारा वाटत नाही. बंद पडलेला मिक्सर, जुने मोबाईल वगैरे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-वेस्ट घेणाऱ्यांकडेच द्या.

त्या परत आल्या की त्यांच्या सामानाला हात घाला, पण त्यांना खुर्चीवर समोर बसवून. आणि "हे टाकू का" असं विचारूच नका, त्याला उत्तर नाहीच येणार. "हे कोणाला देऊया" असं विचारा. घागर नातीला, एखादं पातेलं गावच्या देवळाला, असं त्या स्वतःच वाटायला लागतील. उरलेलं पितळ-तांबं मोडीत द्यायचं तर वजन समोर करून घ्या आणि दोन दुकानांत भाव विचारा. साड्यांचं तेच, बोहारणीला घालायच्या आधी जुन्या साडीला खरी जर आहे का ते बघा, चांदीची असेल तर ती जर विकत घेणारे लोक वेगळे असतात आणि तुम्ही ती दोन स्टीलच्या डब्यांवर देऊन मोकळ्या व्हाल. धड असलेले कपडे धुऊन गूंजसारख्या संस्थेला देता येतात. धड असलेलेच, फाटके नाही, दान म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं नव्हे.

आता मुख्य गोष्ट, सासऱ्यांचे कागद. ते रद्दीवाल्याला द्यायचा विचारसुद्धा मनात आणू नका, टेम्पोत तर ते पहिले गेले असते. एकेक पान उघडून बघा. भाडेपावत्या आणि जागेचे जुने कागद रिडेव्हलपमेंटलाच लागतात, पॉलिसी असतात, गावच्या जमिनीचे उतारे असतात, आणि त्या पिढीने गिरणीच्या, बोनसच्या पैशातून कुठेतरी चारदोन शेअर घेऊन ठेवलेले असतात. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून तसेच्या तसे दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करता येत नाहीत, पण म्हणून ते बाद झाले असं नाही, वारसांच्या नावावर डिमॅटमध्ये, म्हणजे कागदाऐवजी ऑनलाइन खात्यात, करून घेता येतात. ओळीने ७ वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ नावाच्या गुंतवणूकदारांसाठीच्या निधीकडे जातात, तिथूनही क्लेम करून परत मिळतात, वेळ लागतो एवढंच. हे काम दिराला द्या. टेम्पो बोलवायचा उत्साह आहे ना, मग फायली लावायचाही असू दे.

आणि बंब त्यांना ठेवायचाच असेल तर ठेवू देत हो. वन बीएचके असली तरी बाल्कनीचा एक कोपरा निघतोच.

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. दोन दीर, नणंद, सासूसासरे, मुलं असे सगळे दरवर्षी एकत्र जातो. मागच्या वेळी स्वस्त पडतं म्हणून अलिबागला किचनवाला बंगला घेतला होता. पुरुष आणि मुलं समुद्रावर, आम्ही तिघी जावा पोहे, चहा, मासे साफ करणं, भांडी. सासूबाई म्हणतात किती मजा आली. परत आल्यावर मी दोन दिवस झोपून होते. यंदा दिवाळीत परत तोच बंगला ठरतोय, नाही म्हटलं तर मी फटकून वागते असं होईल.

उत्तर : येणार नाही असं म्हणू नका, तो बंगला नको म्हणा. यात भांडायचं कोणाशी हेच कळत नाही कारण मुद्दाम कोणीच काही केलेलं नाही, किचन होतं म्हणून स्वयंपाक झाला आणि स्वयंपाक होता म्हणून तो बायकांनी केला, मुलुंडचं घर उचलून अलिबागला नेलं एवढंच. म्हणून किचनच नसलेली जागा बघा. कोकणात पाहिजे तेवढी घरं आहेत जिथे माणशी दराने घरगुती जेवण देतात, आदल्या दिवशी सांगितलं तर मोदकही करून देतात. त्याचे पैसे जास्त पडतील हे खरं, मग चार दिवसांऐवजी तीन दिवस जा. हा हिशोब व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही एकटीने टाकू नका, तिघी जावांनी आधी आपसात बोलून घ्या आणि शक्यतो नणंदेला टाकायला सांगा, लेकीने सांगितलेलं आईला लागत नाही. (अन्याय आहे, पण उपयोगी पडतो.)

माझं ऐकाल तर एकदा सगळ्यांना माथेरानला न्या. दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी जात नाही, सामान एकतर स्वतः ओढायचं नाहीतर हमालाला पैसे द्यायचे. मग बघा, प्रत्येकजण आपली बॅग आपण भरतो आणि आपोआप हलकी भरतो, नाहीतर घरातून निघताना एकाच बाईच्या बॅगेत सगळ्यांचे टॉवेल, औषधं, चार्जर आणि सासऱ्यांचं मफलर असतं. नेरळहून जाणारी टॉयट्रेन १९०७ सालची, मुलांना ती दाखवायची असेल तर आधी चौकशी करा कारण पावसाळ्यात ती बंद असते. तेव्हा दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत एवढीच शटल चालते, सासूसासऱ्यांना चालायला नको म्हणून तीही चांगली.

कोकणच ठरलं तर ट्रेनचं बघून ठेवा, रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीची तिकिटं बघता बघता वेटिंगला जातात. हे काम कोणाचं ते नाव घेऊन ठरवा. "बघू" म्हणणारा दीर प्रत्येक घरात असतो, त्यालाच द्या. आणि एक दुपार अशी ठेवा की कोणी कोणाबरोबर जायचं नाही, ज्याला झोपायचंय तो झोपेल, ज्याला फिरायचंय तो फिरेल. एकत्र कुटुंब म्हणजे चोवीस तास एका सतरंजीवर बसायलाच पाहिजे असं थोडीच आहे.

सासूबाईंना मजा आली यात खोटं काही नाही बरं का. त्यांनी आयुष्यभर केलं आणि आता त्यांना बसून मिळालं. तेव्हा त्यांच्यावर राग नको, भांडी घासायला मिस्टरांना उठवा.

प्रश्न : मी निवृत्त, बोरिवलीला असतो. मुलगा म्हणतो सगळ्या ट्रिपचे फोटो स्कॅन करून देतो, अल्बम टाकून द्या, कपाट रिकामं होईल. काय करू?

उत्तर : स्कॅन करून घ्या, मुलगा करून देतोय तर लगेच हो म्हणा. पण स्कॅन केलेलं दोन ठिकाणी सेव्ह झालंय हे बघितल्याशिवाय अल्बम हलवू नका. ज्या अल्बमची पानं चिकट असतात आणि वर प्लॅस्टिक असतं त्यातले फोटो ओढून काढू नका, फाटतात, खालून बारीक दोरा किंवा डेंटल फ्लॉस हळूहळू सरकवत सोडवा. एकाच धबधब्याचे सतरा फोटो असतील तर एक ठेवा. माणसांचे फोटो असतील तर मागे मऊ पेन्सिलने नाव आणि साल लिहा, बॉलपेनने नको, त्याचे व्रण पुढे उमटतात. सुनेला आणि नातवंडांना बोलावून मगच लिहायला बसा, कारण महाबळेश्वरला घोड्यावर बसलेला तो मुलगा कोण हे आता तुम्हीच सांगू शकता, आणि पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत पण मला शंका आहे की दोनचार जणांची नावं तुम्हालाही बहिणीला फोन करूनच विचारावी लागतील.