कापूस कधी टोकायचा?
बाळा, बैलहोंगलकडचं तुझं काळं रान झकास आहे, पण पाणी पावसाचंच. म्हणून रोहिणीच्या वळवावर भुलून कापूस टोकू नकोस, म्हणजे बी हातानं मातीत खोचू नकोस. लवकर आलेल्या फुलांवर शेंदरी बोंडअळी आयती पोसते. मृगात ७५ ते १०० मिमी पाऊस पडू दे, वीतभर ओल जाऊ दे, मग वापशावर, म्हणजे चिखल सरून माती ओलसर पण मोकळी झाली की, टोकण कर. तरणा पाऊस, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंतचं पुनर्वसू नक्षत्र, ही शेवटची हद्द. पुढं गेलास की रोपं कोवळी असतानाच मावा-तुडतुडे चढतात आणि बोंडं भरायच्या ऐन वेळी जमिनीतली ओल सरते. मी एकदा म्हाताऱ्या पावसात, म्हणजे त्यापुढच्या पुष्य नक्षत्रात लावला होता. वेचणीची मजुरीही निघाली नाही! जयधर या देशी वाणाचं गणित मात्र निराळं, तो ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात. तुझं बियाणं संकरित आहे ना?