कामगार न्यायालयासाठी वेगळे न्यायाधीश कशाला नेमायचे?

दिवाणी न्यायालयं असताना वेगळी व्यवस्था कशाला, हा तुमचा प्रश्न. कायदा तर कुठलाही न्यायाधीश वाचू शकतो. अडतं ते हजेरीपत्रकापाशी. तिसऱ्या पाळीत सही वेगळ्याच पेनाने का झाली, ओव्हरटाइम 'भत्ता' म्हणून का दाखवला, हे कारखाना पाहिलेल्या माणसाला पटकन दिसतं.

म्हणून फ्रान्सने 1806 साली ल्योंमध्ये सुरू केलेल्या पद्धतीत आज निवाडा देणारे निम्मे मालकांच्या बाजूचे, निम्मे कामगारांच्या बाजूचे असतात. मतं समसमान पडली की व्यावसायिक न्यायाधीश येऊन बसतो. जर्मनीत पहिल्या पायरीवरच एक व्यावसायिक न्यायाधीश आणि दोन मानद (पेशाने न्यायाधीश नसलेले), दोन्ही बाजूंचा एकेक. मला ही रचना जास्त पटते, कारण कायद्याचा जाणकार सुरुवातीपासूनच समोर असतो.

भारताने 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार न्यायालय एकाच पीठासीन अधिकाऱ्यावर, म्हणजे निवाडा देणाऱ्या एकाच माणसावर सोपवलं; नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. जुन्या कायद्यात पात्रता मुख्यतः न्यायिक अनुभवाची होती, नेमणूक सरकारची. खरी गोम इथेच होती: अधिकारी निवृत्त झाला आणि पुढचा आदेश निघाला नाही, की खुर्ची रिकामी. पक्षकार यायचे, पुढची तारीख घेऊन परतायचे. बडतर्फ माणसाचा पगार तोवर बंदच.

त्यामुळे नवीन न्यायालय मागताना इमारतीआधी विचारा: पद रिकामं होण्यापूर्वी निवड कोण सुरू करणार, आणि किती दिवसांत?