वजन तेच ठेवा, सेट कमी करा

प्रश्न: वय 34, राजारामपुरीत राहतो. मुलगी तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, जेमतेम पाच तास झोप होते. तरी आठवड्यातले पाच दिवस पहाटे साडेपाचला जिमला जातो. हल्ली स्क्वॅटचं वजन घटतंय, खांदा दुखतो, चिडचिड होते. आता बायकोलाही व्यायाम सुरू करायचाय. दोघांचं कसं जमवायचं?

उत्तर: आधी तो पहाटेचा गजर बंद करा. तालमीतल्या पहाटेच्या मेहनतीचं कौतुक कोल्हापुरात सगळे करतात. पण तेच पैलवान खुराक घेऊन दुपारी ताणून देतात, हे कुणी सांगत नाही. तुम्हाला दुपारी कामावर जायचं असतं. झोप तोडून केलेली मेहनत अंगी लागत नाही. शिवाय थकलेल्या अंगानं उचलताना ढब बिघडते आणि भार भलत्याच सांध्यावर येतो. खांद्याचं दुखणं तिथूनच आलेलं असू शकतं.

कमावलेली ताकद टिकवायला आधीच्या सेटपैकी साधारण एक तृतीयांश पुरतात, फक्त वजन फार उतरवू नका. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी 40 मिनिटं: स्क्वॅट, रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), आणि खांदा दुखतोय तोवर बेंच प्रेसऐवजी ओट्याला हात टेकून पुशअप. प्रत्येकी दोन-तीन सेट, सहा ते आठ वेळा. अजून दोनदा जमलं असतं अशा बेतानं थांबायचं. रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर वजनाला हातच लावू नका, बाबागाडी घेऊन रंकाळ्यावर अर्धा तास चाला. पंधरवड्यात खांदा निवला नाही तर फिजिओला दाखवा.

रात्र वाटून घ्या. दहा ते दोन बाळ तुमच्याकडे, दोन ते सहा बायकोकडे, म्हणजे दोघांनाही चार तास सलग मिळतात. तुटक झोपेपेक्षा तेवढ्यानंही फरक पडतो. बाळ अंगावर पीत असेल तर दहाच्या आधी पाजावं, मधल्या वेळेसाठी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं द्या. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी मात्र कधीच काढू नका, त्यात बाळ गुदमरण्याचा धोका असतो. दुपारी दोननंतर चहाही नको. त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

बायकोनं पोटाच्या व्यायामाआधी एक तपासणी करावी. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीपाशी बोटं आडवी दाबून बघायचं. स्नायूंमध्ये दोन बोटांहून जास्त फट लागली, मध्यभागी फुगवटा आला किंवा खोकताना लघवी सुटत असेल, तर आधी फिजिओ. तसं काही नसेल तर चालणं आणि खुर्चीवरून उठ-बस, दहाचे दोन सेट, एवढ्यावर सुरुवात करावी. तिचे दिवस मंगळवार आणि शनिवार धरा, त्या वेळात दोन्ही पोरं तुमच्याकडे. आणि घरी डंबेल असतील तर कपाटात, कुलपात. धाकटा आता रांगत सगळीकडे पोचणार.