वडिलांचा संग्रह: कागद ठेवा, प्लॅस्टिक काढा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांच्या मागे कॅसेट, एलपी रेकॉर्ड, व्हीसीडी, डीव्हीडी आणि वीसेक व्हीएचएस व्हिडिओ टेपा असे सगळे मिळून चारशेच्या आसपास नग उरलेत. डोंबिवलीचं घर सोडून लहान जागेत जायचंय. आई म्हणते, डबे-कव्हरं भंगारात द्या आणि चकत्या झिपच्या फोल्डरमध्ये भरा. त्यातच नऊ डीव्हीडी सीलबंद निघाल्यात, आणि त्या फोडायच्या की नाही इथे तुमचं घोडं अडलंय.

आईंना माझा नमस्कार सांगा, पण ते फोल्डर आणू देऊ नका. मी स्वतः पस्तावलोय म्हणून सांगतोय.

२००९ साली मी अगदी हेच केलं. दोनशे कप्प्यांचं फोल्डर आणलं, नाटकं-सिनेमांच्या सगळ्या व्हीसीडी त्यात सरकवल्या आणि डबे भंगारवाल्याला दिले. कव्हरचे कागद मात्र 'नंतर नीट लावू' म्हणून एका पिशवीत ठेवले. ती पिशवी पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत गेली. आज त्या फोल्डरमध्ये एक चंदेरी चकती आहे, तिच्यावर फक्त 'भाग २' छापलंय. लावून बघितली की नाटक ओळखू येतं. पण प्रयोग कोणत्या संचाचा, चित्रण कधीचं, नोकराच्या भूमिकेत इतकं सुंदर काम करणारा तो मुलगा कोण, हे काही केल्या कळत नाही. व्हीसीडीत साधारण ऐंशी मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही, म्हणून नाटक दोन किंवा तीन चकत्यांत तोडलेलं असतं आणि नावं सगळी पहिल्या चकतीच्या सुरुवातीला. माझी पहिली चकती अडकते. नावं कागदावर होती, तो कागद मीच घालवला.

म्हणून माझं सरळ मत: छापलेला कागद आणि पुठ्ठा शेवटपर्यंत जपा. बाकी प्लॅस्टिकचा लोभ धरू नका. कॅसेटच्या डबीला तडा गेला तर दुसऱ्या कॅसेटची डबी बसते. डीव्हीडीची डबी नवी मिळते. इनले कार्ड, म्हणजे डबीत घडी घालून बसवलेला छापील कागद, मात्र दुसरं मिळत नाही.

आपल्याकडे ही कव्हरं टिकली नाहीत याचं एक कारण स्वस्ताई. २००७मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा आपण भाजी घ्यावी तशी पिशवी भरून घेतली. भाजीच्या भावात आलेल्या वस्तूचं कव्हर कोण जपतो? व्हीएचएसचं त्याहून वाईट. व्हिडिओ लायब्ररीवाले मूळ कव्हर काढून ठेवायचे, नाहीतर कापून साध्या डबीत बसवायचे, आणि गिऱ्हाइकाच्या हातात कोऱ्या डबीतली टेप यायची. तुमच्या वीस टेपांत एखादी मूळ छापील कव्हरासकट असेल, तर ती आधी बाजूला काढा.

जे सगळे फेकतात तेच पुढे दुर्मिळ होतं. जपानी एलपी-सीडीच्या कण्याकडून कागदाचा एक पट्टा गुंडाळलेला असतो. त्याला ओबी म्हणतात, किमोनोच्या कमरपट्ट्यावरून. त्यावर किंमत आणि जपानी अक्षरांत माहिती असते. घरी नेल्यावर लोकांनी तो सर्रास काढून टाकला, आणि आज त्या पट्ट्यासकट असलेल्या जुन्या एलपीला वेगळा भाव मिळतो. अमेरिकेत सुरुवातीची सीडी फूटभर उंच पुठ्ठ्याच्या खोक्यात यायची, एलपीच्या रॅकमध्ये उभी राहावी म्हणून. १९९३मध्ये ती पद्धत बंद झाली. आता ती रिकामी खोकी शोधत फिरणारे लोक आहेत. हसू नका, पुण्यात मी एकाला ओळखतो.

आता त्या नऊ सीलबंद डीव्हीडी. तुमच्या मनात काय घोळतंय ते कळतंय. जून २०२२मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'बॅक टू द फ्यूचर'ची न फोडलेली व्हीएचएस ७५ हजार डॉलरला गेली, ही बातमी सगळीकडे फिरली होती. पण ती १९८६च्या पहिल्या छपाईतली, आणि खुद्द त्या सिनेमातल्या टॉम विल्सन या नटाच्या घरातून आलेली. आपल्या बाजारात सीलला तसा भाव नाही, आणि त्यामागे कारण आहे. सील करायचं प्लॅस्टिक रोलवर मिळतं, ते आकसवणारी गरम हवेची बंदूक पॅकिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. मिठाईवाला ज्या यंत्राने खोकं गुंडाळतो, त्याच यंत्रात वापरलेली डीव्हीडी 'सीलबंद' होते. मी स्वतः अशी एक घेऊन फसलोय. आत चकतीवर बोटांचे ठसे होते.

शिवाय सील म्हणजे हवाबंद नव्हे. उजेडाला धरून बघा, त्या प्लॅस्टिकला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. गुंडाळताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून ती ठेवलेली असतात. त्यातूनच पावसाळ्याची दमट हवा आत जाते. बाहेरून कोरी करकरीत दिसणारी व्हीएचएस फोडल्यावर आत टेपच्या कडेवर पांढरी बुरशी निघालेली मी पाहिलीय. तशी टेप व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या टेपलाही लागण होते.

तेव्हा माझा सल्ला: नऊच्या नऊ फोडा. फक्त फोडायची रीत सांभाळा. नखाने ओरबाडू नका. डबी जिथे उघडते त्या बाजूला दोन पाकळ्यांमध्ये फट असते. नव्या ब्लेडचं टोक त्या फटीवर हलकेच ठेवा आणि वरून खाली ओढा. ब्लेड फटीत राहिलं तर कव्हरला स्पर्शही होत नाही. त्या प्लॅस्टिकवर होलोग्राम किंवा एखादं स्टिकर असेल तर तेवढा चौकोन कापून डबीत ठेवा. बाकीचं टाका. मग प्रत्येक चकती एकदा तरी पूर्ण चालवून बघा, कारण सीलच्या आत आरशासारखी दिसणारी चकतीसुद्धा मेलेली निघू शकते.

एलपीवर मात्र हे प्लॅस्टिक एक दिवसही ठेवू नका. परदेशातले काही संग्राहक ते कौतुकाने तसंच ठेवतात, पण ते वर्षानुवर्षं आकसत राहतं. आधी पुठ्ठ्याच्या कडा ओढल्या जातात, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात आतली तबकडी बशीसारखी वाकते. दुसरा शत्रू आपल्या वडिलांच्या पिढीचा लाडका: जाड, मऊ, पुस्तकांना घालतात तशी पारदर्शक पीव्हीसीची कव्हरं. त्यांना एक गोडसर वास येतो. तो वास म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवायला घातलेलं रसायन बाहेर पडतंय. ते तबकडीवर धुक्यासारखा थर देतं, रेकॉर्ड चरचरू लागते आणि धुऊनही फरक पडत नाही. वडिलांनी किती मायेने घातली असतील ते समजतं, तरीही आजच काढा.

आता थोडं माझ्याच मताच्या विरुद्ध. कागद जपा म्हटलं, पण कधीकधी कागदच चकतीला खातो. १९८८ ते १९९३च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ या कंपनीच्या कारखान्यात बनलेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या. वरच्या लाखेचा थर गंधकाला टिकणारा नव्हता आणि पुस्तिकेच्या कागदात गंधक होतं. म्हणजे कंपनीनेच दिलेल्या डबीत, कंपनीच्याच पुस्तिकेशेजारी ठेवून त्या मेल्या. जुन्या जाड, दोन सीडींच्या डब्यांत फोमचा तुकडा असतो, तोही तसाच. पंचवीस-तीस वर्षांनी तो चिकट होऊन चकतीच्या छापील बाजूला चिकटतो. आणि खरं रेकॉर्डिंग त्या छापील बाजूलाच अगदी वर असतं, त्यामुळे फोम ओढताना गाणंही निघून येतं. असा फोम दिसला तर काढून टाका. 'ओरिजिनल आहे' म्हणून ठेवू नका.

डांबराच्या गोळ्यांचं माझं पाप सांगतो. कसर लागू नये म्हणून मी सीडीच्या कपाटात मूठभर गोळ्या टाकल्या होत्या. सहा-आठ महिन्यांनी उघडलं तर वरच्या फळीवरच्या डब्या धुरकट झालेल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या. सीडीची आणि कॅसेटची कडक डबी पॉलिस्टायरिनची असते, तिला त्या वाफेचं वावडं आहे. डीव्हीडीची काळी लवचीक डबी पॉलिप्रॉपिलिनची असल्यामुळे वाचली. कसरीसाठी कपाट कोरडं ठेवणं आणि दोन महिन्यांनी एकदा सगळं हलवणं, एवढंच पुरतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या पावसाळ्यात वरचेवर वाळवायला लागतात, नाहीतर त्यांचा नुसता देखावा होतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, डोंबिवलीच्या पावसात ती भिंत आतून घामेजते. खिडकीसमोरही नको. उन्हाने कव्हरच्या कण्यावरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. माझ्या एका फळीवरचे सगळे सिनेमे आता निळे आहेत, शोकांतिका असो की तमाशापट.

पिशव्यांसाठी परदेशातून काही मागवू नका. तयार शर्ट ज्या कडक, चकचकीत पिशवीत येतो ती बीओपीपीची पिशवी, तीच आपल्याला हवी. पुण्यात बोहरी आळीत किंवा तुमच्याकडे पॅकिंगच्या कुठल्याही दुकानात शेकड्याच्या गठ्ठ्यात मिळते. माप काढताना लोक जाडी विसरतात. डीव्हीडीची डबी १९० बाय १३५ मिलिमीटर आणि जाडी १४. पिशवीची रुंदी १३५ अधिक १४, म्हणजे १४९ तरी हवी. सव्वासहा बाय नऊ इंची मागा. एलपीला पावणेतेरा इंची चौकोनी. झाकणाच्या पट्टीवर गोंद असतो. वस्तू बाहेर काढताना कव्हर त्याला लागलं की छपाईचा पापुद्राच निघतो. मी झाकणाची पट्टी कापूनच टाकतो आणि तोंड उघडं ठेवतो. थोडी हवा खेळलेली बरी.

पुठ्ठ्याची बाहेरची बाही, ज्याला आपण स्लिप म्हणतो, ती घट्ट बसत असेल तर रोज काढ-घाल करू नका, कोपरे पांढरे पडतात. आतली डबी वेगळी ठेवा, स्लिप सपाट न करता तिच्यात रिकामी डबी घालून ठेवा. घर कितीही लहान असलं तरी ही एवढी जागा द्याच. चारशे नगांत खऱ्या स्लिप पंधरा-वीस निघतील.

आणि जागेचं काय, हा आईंचा मुद्दा खोटा नाही. व्हीसीडी-डीव्हीडींचा रगाडा असेल, तर डबी टाकून कव्हरचा कागद आणि चकती एकाच पातळ पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात घालता येते. चौदा मिलिमीटरची जागा दोन-तीनवर येते. कागद मुडपायचा नाही, एवढी एकच अट. ज्या कव्हरांवर जीव आहे तेवढ्या पन्नास डब्या ठेवा. मी २००९मध्ये एवढंच केलं असतं तर त्या नोकराचं नाव आज मला माहीत असतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की वडिलांनी प्रत्येक इनले कार्डाच्या आतल्या घडीवर बॉलपेनने तारीख, दुकान आणि किंमत लिहिलीय, काही ठिकाणी 'साइड बी, तिसरं गाणं' असंही. त्याने किंमत उतरते का? विकायची म्हटलीत तर थोडी उतरेल. पण खोडरबर लावू नका, पांढरी शाई तर नकोच, आणि मुंबईच्या रिदम हाऊस या कॅसेट-सीडीच्या दुकानाची एखादी पिशवी किंवा बिल आत घडी घालून ठेवलेलं सापडलं तर तेही तिथेच राहू द्या. दुकान २०१६मध्ये बंद झालंय. त्या तिसऱ्या गाण्यांची यादी मात्र करा आणि इथे टाका. मला त्यांची निवड बघायचीय.